गल्लीभर वाटलेलं औषध

माझ्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, कुठलीही वस्तू पूर्णपणे स्वतःची ठेवणं जन्मात जमलं नाही. बाजारातून डझनभर मोसंबी घेऊन निघाले तर अंकुशनगरच्या घरी पोचेपर्यंत पिशवीत तीन उरायची, आणि त्यातलं एक दारात भेटलेल्या माणसाच्या हातात जायचं. त्यांचा चष्मा अर्धी गल्ली वापरायची. कुणाला पोथी वाचायची असायची, कुणाला सुईत दोरा ओवायचा असायचा, आणि तोवर मामा ओट्यावर डोळे बारीक करून बसलेले. दुसऱ्याचा चष्मा लावू नये, असं मी एकदा धीर करून म्हटलं, तर म्हणाले, "दिसून राह्यलं ना त्यांना? मंग झालं." एकदा अंबडच्या दवाखान्यात आपली पाळी मागच्या प्रत्येकाला देत देत ते संध्याकाळी न तपासताच परत आले. आत्यानं विचारलं तर म्हणाले, "लई आजारी लोक होते तिथं."

मामा साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमध्ये उकळणाऱ्या पाकात साखरेचा दाणा कितपत बसलाय, हे ते अंगठा आणि बोटाच्या चिमटीत थेंब चोळून सांगायचे. निवृत्तीनंतर ही चिमूट मोकळीच राहिली, म्हणून ते घरातलं सगळं तिच्यात धरून बघायचे. रवा, रांगोळी, लग्नपत्रिकेचा कागद, आत्याच्या नव्या साडीचा पदर. बहुतेक गोष्टींवर निकाल एकच असायचा, "दाणा न्हाई बसला अजून." त्यामुळे पुढे नुसतं बसल्याबसल्याही त्यांची रिकामी चिमूट आपोआप चोळली जायला लागली, तेव्हा आम्ही सगळे हसलो. नोकरी सुटली पण पॅन सुटला न्हाई, असं आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जवळजवळ वर्षभर आम्ही ते कौतुकानं पाहिलं. जालन्याच्या डॉक्टरांनी ते दोन मिनिटं पाहिलं आणि पार्किन्सन आहे असं सांगितलं.

आधीच्या गोळ्यांच्या जोडीला काही महिन्यांनी अमँटाडिन नावाची कॅप्सूल आली, सकाळी एक, दुपारी एक. मी तेव्हा अंबडच्या नोकरीसाठी आत्याकडे राहत होते. इंग्रजी शाळेत शिकलेली असल्यामुळे गल्लीतले औषधांचे कागद माझ्याकडेच यायचे. वाचायला मला कधीच अडचण आली नाही, अडचण बोलायची. त्या दिवशी ओट्यावर सहा-सात माणसं बसली होती. मी खोक्यातला कागद उघडून सांगितलं की हे औषध पार्किन्सनवर देतात, आणि एका प्रकारच्या फ्लूवरही द्यायचे. मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे तापाचंबी हाय का हे? अन् मी एकटाच खाऊन राह्यलो?" सगळे हसले. कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं की मूत्रपिंडाचा आजार असेल तर फार जपावं, हे औषध दुसऱ्या कुणाला देऊ नये, आणि ते अचानक बंद करू नये. मी ते सगळं मनात वाचलं. एवढ्या माणसांसमोर, त्या हसण्यात, ते मराठीत कसं सांगावं हे मला सुचेना. नंतर सांगू, असं ठरवून मी कागदाची घडी घातली.

नंतर मी सांगितलं नाही.

थंडीत गल्लीत तापाची साथ आली आणि मामांना पुन्हा कामावर घेतल्यासारखं झालं. मी दिवसभर ऑफिसात, आत्या स्वयंपाकघरात, आणि मामा काठी टेकत घरोघर. समोरच्या शिंपीचाचांना त्यांनी दोन दिवसांत चार कॅप्सूल दिल्या. चाचांच्या किडनीचा जुना त्रास सगळ्यांना माहीत होता, मामांनाही. तिसऱ्या दिवशी चाचा अंथरुणातूनच चाचींना सांगू लागले, "वो चार लोग कबसे बैठे हैं, पहले उनका नाप ले लो." खोलीत कुणीच नव्हतं. चाचींनी सुद्धा ते हसण्यावारी नेलं, तापात होतं असं म्हणाल्या. मीही हसले. कॅप्सूलचं मला ठाऊक नव्हतं. चाचा आठवड्यानं सावरले, हे नशीब.

महिन्याचा साठा मामांनी बारा दिवसांत संपवला. आत्या बोलेल म्हणून ते गप्प राहिले, आणि कॅप्सूल घेतल्याचं दाखवायला रोज पाण्याचा ग्लास तेवढा मागून घेत राहिले. साठा संपल्यावर पाचव्या सकाळी आत्या उठवायला गेली तर अंग लाकडासारखं ताठ, तापानं फणफणलेलं, आणि मामा तिलाच विचारत होते की तुम्ही कोण बाई. जालन्याला नेलं. उशीखाली रिकाम्या पट्ट्या निघाल्या, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे औषध एकदम तोडलं की असं होऊ शकतं, ते हळूहळूच कमी करतात, आणि फ्लूसाठी तर आता वापरतच नाहीत, असं ते म्हणाले. ते सगळं आत्याला सांगत होते, पण मला वाटलं माझ्याकडे बघूनच सांगतायत.

आठ-दहा दिवसांनी मामा थोडे शुद्धीत आले. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी शिकलेलं नाही का, कागद कुणी वाचला नाही का. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मामा पलंगावरून, एकेक शब्द ओढत म्हणाले, "पोरीनं समदं वाचून दाखवलं होतं. दोन्ही बाजू. म्याच ऐकलं न्हाई."

कागदाला दोन बाजू होत्या, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. मी तेव्हाही काही बोलले नाही.

आता मामा धरून चार पावलं टाकतात. त्याहून जास्त होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. दोन्ही कॅप्सूल आत्याच देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. भेटायला येणाऱ्यांना ती अजून सांगते, पोरगी बिचारी सांगत होती, यांनीच ऐकलं न्हाई. मी चहा ठेवायला आत जाते. बाहेर मामा काहीतरी बोलायला लागलेले असतात. त्यांचं बोलणं आता फार सावकाश येतं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पाहुणे दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.