राणीचं वजन कुणाला सांगायचं नाही

जनावरांच्या औषधाचं दुकान टाकलं की माल कमी विकला जातो आणि गोष्टी जास्त जमतात! औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी छापलेली असते, किश्शावर नसते. तिसगावात काउंटरमागं बसून मी जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांच्या तोंडून. पण आमच्या आण्णांनी आणि त्यांच्या राणीनं जे शिकवलं, त्याला तोड नाही राव!

आण्णा लग्नात घोडी नाचवतात. राणी पांढरीशुभ्र, हलगी ऐकली की कान टवकारणारी. आण्णांचं घर तिच्याच पायावर चालतं. त्यांचा नेम असा, की दर अमावस्येला जंताचं औषध. एकदा डोस ठरवायला मी विचारलं, "आण्णा, वजन किती धरू?"

आण्णा काउंटरवर वाकून कुजबुजले, "शेठ, जनावराचं खरं वजन बोलू नी. दिष्ट लागती! तुमी आपलं शिंगराएवढं धरा."

मी शिंगराएवढं धरलं. वर्षानुवर्षं!

*

मग राणी खंगायला लागली. बरगड्या दिसायला लागल्या, शेपटीची चमक गेली. लगीनसराई तोंडावर आणि आण्णा माझ्या तोंडावर!

"शेठ, माल डुप्लिकेट हाय का काय?"

मीही तापलो. तालुक्याला घोड्यांच्या जंतांवर अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या, त्यांनाच बोलावलं. त्यांनी राणीची लीद पाण्यात कालवली, गाळली आणि माझ्या काउंटरवर मायक्रोस्कोप मांडला. "बघा आण्णा, ही जंतांची अंडी."

आण्णांनी डोळा लावला आणि चटका बसल्यागत मागं सरले. "अंडी? मॅडम, आमी माळकरी हाव! आमच्या घरात अंडं शिरत न्हाई!"

*

औषध अस्सल होतं. बदलले होते जंत! मॅडम म्हणाल्या, "जंताच्या शरीरात एक जागा असते, औषध तिथं जाऊन चिकटतं आणि त्याला मारतं. काही जंतांच्या जनुकात बारीकसा बदल असतो, त्यामुळं ती जागाच वेगळी घडते. औषध येतं आणि चिकटायला जागा न सापडता निघून जातं. तुम्ही वरचेवर औषध दिलंत, तेही कमी. साधे जंत मेले, हे उरले. आणि पोरांनाही तोच वारसा देऊन बसले!"

आण्णांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे भाडेकरूनं कुलूप बदललंय, आन मालक जुनी किल्ली फिरवतोय!"

मॅडमनी हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाल्या, "आता कॉलेजात असंच शिकवणार!"

*

नवीन औषध दुसऱ्या जातीचं, पण वजन खरं पाहिजे. आण्णा ऐकेनात. शेवटी राणीला उसाच्या वजनकाट्यावर उभी केली. आण्णा डोळे मिटून, कानात बोटं घालून लांब उभे!

काट्यावरच्या माणसानं विचारलं, "माल काय लिहू?"

आण्णा डोळे न उघडता ओरडले, "लिव्ह की, नवरदेवाची गाडी!"

*

आण्णांचं एक तट्टूही आहे. त्याच्या लिदीत अंडी अगदी तुरळक. मॅडम म्हणाल्या, "याला औषध द्यायचं नाही."

"का वो? सावत्र हाय का त्ये?"

"त्याच्यातले जंत अजून साधे आहेत. ते जगले तर चिवट जंतांची सोयरीक त्यांच्याशीही होईल, आणि पोरांवर औषध चालेल. नाहीतर चिवटाचं लग्न चिवटाशीच!"

आण्णा तट्टूकडं बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. वधूपक्षाला कोन मारतंय!"

*

औषधानंतर पंधरवड्यानं पुन्हा ताजी लीद तपासायची होती. "अंडी दिसली तर या सीझनला राणी घरी बांधायची," मॅडमनी बजावलं होतं. नेमकं त्याच दिवशी गावातलं लग्न! अंतर थोडं, नवरदेव काटकुळा, म्हणून मॅडमनी तेवढी सवलत दिली.

वरात भर चौकात आली, बँड रंगात, आणि राणीनं शेपटी उचलली. आण्णांनी दोन्ही हात वर केले. "बँड बंद! नमुना आला!"

नवरदेव घोडीवर, करवल्या नाकाला पदर लावून, आणि आण्णा खिशातली पिशवी काढून खाली बसलेले! वरून नवरदेवानं घाबरून विचारलं, "आण्णा, काय झालं?"

"तुमी बसा निवांत. राणीचे जंत मेले का न्हाई, त्ये बघायचंय!"

पिशवी घेऊन मी स्कूटरवर दुकानाकडं सुटलो. मॅडम तयारच होत्या. त्यांनी पहिली काच पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग त्या हसल्या. मीच नाचलो!

आपल्याकडची लग्नं वेळेवर लागत नाहीत, हे त्या दिवशी बरं झालं. परत आलो तर मंगलाष्टका चालू. अंतरपाट धरलेला, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. मांडवाच्या दाराशी आण्णा राणीचा लगाम धरून रस्त्याकडं बघत उभे. मी लांबूनच अंगठा दाखवला.

भटजींनी श्वास घ्यायला आणि आण्णांनी तोंड उघडायला एकच गाठ पडली.

"मेले! मेले! समदे मेले!"

मांडव गार! भटजींचा आ तसाच. वरमाई मटकन खाली बसली.

तेवढ्यात अंतरपाटामागून नवरदेवाचा आवाज आला, "आण्णा, राणीचे ना?"

"व्हय!"

आणि पहिल्या अक्षता घोडीवर पडल्या.