भामाबाईचा तळहात

भूत, भानामती, अंगात येणं... या सगळ्याची मला किळस आहे. मी पाटोद्यात विज्ञान शिकवतो. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून बायकोला ऐकवतो आणि पोट धरून हसतो. तरीही आज लिहायला बसलोय.

गेल्या वर्षी आईच्या गुदाशयात गाठ निघाली. वय एक्क्याऐंशी, हृदय कमजोर... मोठं ऑपरेशन झेपणार नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून लेझरने गाठ थोडी थोडी जाळायचं ठरवलं. गाठीने वाट इतकी अडवली होती की दुर्बीण पलीकडे जातच नव्हती. स्कॅनमध्ये वर काही दिसलं नव्हतं.

पहिल्या सिटिंगनंतर आईला घरी आणलं. शेजारची भामाबाई भेटायला आली. शेळ्या-मेंढ्या राखणारी, अंगठेबहाद्दर, अंगाला लेंड्यांचा वास. खरं सांगतो, मला ती उंबऱ्याच्या आतही नको होती. तिने सरळ आईच्या पोटावर तळहात ठेवला.

"खालचं जाळायलेत ते बरं हाय," ती म्हणाली. "पर वर, डाव्या अंगाला, वळणावर अजून एक हाय. देठाचं. शेंगदाण्याएवढं."

"मावशी, ही शेळी नाही," मी म्हणालो. "मशीननं बघितलंय. तुमच्या हाताला डोळे फुटलेत का?"

ती चहा न घेताच गेली. डॉक्टरांना मी यातलं काही सांगितलं नाही. माझंच हसं झालं असतं.

तिसऱ्या सिटिंगला वाट मोकळी झाली, दुर्बीण पुढे गेली. डॉक्टरांनी मला आत बोलावून स्क्रीन दाखवली. डाव्या वळणावर, देठाला लोंबणारी, शेंगदाण्याएवढी गाठ. तिथेच काढून टाकली.

"ही बाहेरून हाताला लागेल?" मी विचारलं.

"एवढीशी? शक्यच नाही."

आई आता दोन वेळा नीट जेवते.

मी भामाबाईला गाठलं. माफी मागायला नव्हे... तिला हे कुणी सांगितलं ते काढून घ्यायला. ती बांधावर शेळ्या राखत बसली होती.

"कसं कळलं?"

"हाताला लागलं."

"मग माझंही बघा की," मी कुत्सितपणे म्हणालो आणि शर्ट वर केला.

तिने तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उचलला आणि काठी घेऊन उठली.

"काय लागलं?"

"तुला सांगून काय उपेग, मास्तर. तू हसतूस."

आईला गाठ निघाली म्हणून मीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. सोमवारी दुर्बीण घालायचीय. घरी डॉक्टरांचंच नाव सांगितलंय. आईची गाठ भामाबाईच्या हाताला कशी लागली, याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. आणि माझ्या पोटात काय लागलं, हे तिला पुन्हा विचारायची हिंमत होत नाही.