मास्तरांचा दुसरा ब्रेक

हळूमास्तरांचा उजवा बूट नेहमी डाव्याच्या आधी झिजतो, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्याने फोडली. "एकदा तरी जोडी आणा हो दुरुस्तीला," तो म्हणायचा, "डावा काय कपाटात जपून ठेवलाय?"

कारण साधं होतं. मास्तरांची मोटार शिकवायची शाळा. तीस वर्षं ते शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसत आले, आणि त्या सीटच्या पायाशी त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक बसवलेला. शिकणारा चुकला की मास्तर तो दाबणार आणि तो करकरणार. त्याला तेल घालू द्यायचे नाहीत. "करकर ऐकली की चूक कानात बसते," असं त्यांचं शास्त्र. त्या करकरीच्या जिवावर तीस वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला साधं खरचटवलंसुद्धा नव्हतं. "हळू, हळू" म्हणत अर्ध्या गावाच्या हातात त्यांनी स्टिअरिंग दिलं आणि त्या नादात स्वतःचं खरं नाव गमावून बसले.

पण सवय गाडीत थांबेना, घरापर्यंत पाठीमागे यायची. थिएटरात पडद्यावर गाड्या पळायला लागल्या की पुढच्या खुर्चीला लाथ बसायची आणि मध्यंतरात भांडण. जेवताना मास्तरीणबाई बोलता बोलता माहेरच्या वळणावर आल्या की टेबलाखाली मास्तरांचा पाय जोरात खाली. "दाबा, दाबा," बाई म्हणायच्या, "माझा ब्रेक तुमच्या बाजूला बसवलेला नाही!"

असा हा मुंगीलाही वाट देणारा माणूस, पण सायकल दिसली की पार बदलायचा. काच खाली, मान बाहेर. "कडेने चालवा की! रस्ता काय मामाने आंदण दिलाय?" हे वाक्य त्यांच्या अभ्यासक्रमातच होतं. शिकणाऱ्यांना ताकीद असायची, सायकल दिसली की दोनदा हॉर्न द्यायचा आणि मग शेजारून गाडी काढायची.

सगळ्यात जास्त राग नर्सबाईंवर. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, मलमपट्ट्या बदलणाऱ्या या बाई रोज सकाळी हँडलला पांढरी पेटी अडकवून चौकाआधीच्या उतारावरून जायच्या, त्याही कड सोडून चांगल्या आतून. मागून मास्तरांचा हॉर्न. पुढून बाईंची घंटी, तीही अशी लांबलचक की एखाद्याचा चहा ढवळून पिऊन व्हावा.

या वैराला इतिहास होता. बाईंनी एकेकाळी मास्तरांकडेच गाडी शिकायला नाव घातलं होतं. जन्मभर सायकलवर गेलेला जीव, त्यामुळे थांबायचं म्हटलं की त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळायच्या. पाय जागेवरच. चार दिवस दुसऱ्या ब्रेकची करकर थांबली नाही. पाचव्या दिवशी मास्तर म्हणाले, "बाई, आपल्याला पाय आहेत हे तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का?" बाई तिथेच उतरल्या, दार आपटलं आणि त्याच पायांनी चालत घरी गेल्या.

तर असं सगळं आपापल्या जागी छान चाललं असताना परवाना कचेरीतून पत्र आलं. इथून पुढे गाडी शिकवण्याचा परवाना नवा करून घ्यायचा, तर शिक्षकाने आधी सायकलवरून गावाभोवतीच्या गोल रस्त्याची एक फेरी मारून दाखवायची. सकाळच्या गर्दीत, मागे साहेब स्कूटरवर. सायकलवाल्याला रस्ता कसा दिसतो ते शिकवणाऱ्याला कळावं, असं खाली लिहिलं होतं. मास्तरांचा परवाना संपायला अठरा दिवस उरले होते.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि पलंगावर आडवे झाले. मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"अहो, मग मारायची फेरी. त्यात काय एवढं?"

मास्तरांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना आठवलं, आणि त्या हळूच पलंगाच्या कडेला बसल्या. गावात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती: मास्तरांना सायकल येत नव्हती.

चार भावांत मास्तर धाकटे. घरात सायकल एक. थोरल्याने चालवली, मधल्याने पळवली, तिसऱ्याने विहिरीच्या कठड्यावर घातली, आणि मास्तरांच्या वाट्याला आली तेव्हा तिला पुढचं चाकच नव्हतं. तेव्हापासून ते सांगत आले की सायकल ही काय चालवायची वस्तू आहे का! सांगता सांगता सत्तावन्न वर्षांचे झाले. आता परवाना गेला तर शेजारच्या सीटवर शाळेत हाताखाली असलेला मेहुणा बसणार आणि मास्तर घरी खिडकीत. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. गाडी कुणी शिकवायची या विचाराने त्यांचा पाय गादीवर आपोआप दाबला गेला.

मास्तरीणबाईंना दर आठवड्याला ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं असायचं, आणि ते द्यायला अर्थातच नर्सबाई यायच्या. त्या आठवड्यात सुई दंडात असतानाच मास्तरीणबाईंनी सगळं सांगून टाकलं. नर्सबाई इतक्या हसल्या की सुई काढायला उशीर झाला. मग हसू आवरून म्हणाल्या, "उद्या दुपारी एक वाजता. त्यांच्याच मैदानावर. आणि सांगा, मी ओरडते."

मैदान म्हणजे गाडी मागे घ्यायला शिकवायची मोकळी जागा. बांबू रोवलेले, मध्ये चुन्याने आठचा आकडा. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. मास्तर फुल पँटला खाली दोऱ्या बांधून आले, मान अशी खाली की जणू बांबूच त्यांच्याकडे बघून हसतायत.

तोल त्यांनी तीन दिवसांत धरला, हे मान्य करायला हवं. भानगड पुढे झाली.

"थांबा!" नर्सबाई ओरडल्या.

मास्तरांनी तीस वर्षांच्या सरावाने उजवा पाय दणकन दाबला. सायकलीला तेवढंच हवं होतं. ती उधळली आणि तिसऱ्या बांबूला घेऊन आडवी झाली.

"मास्तर, थांबा म्हटलं की तुम्ही पळता कशाला?"

"मी ब्रेकच मारला!"

"तिथे पेडल असतं हो! ब्रेक हातात आहे, हातात! आपल्याला बोटं आहेत हे तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का?"

मास्तर धूळ झटकत उठले. हे वाक्य आपलंच आहे, फक्त अवयव बदललाय, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार? आठवडाभर तेच. रस्ता मोकळा असेतोवर मास्तर राजासारखे चालायचे, आणि थांबायची वेळ आली, विशेषतः घाबरून थांबायची, की पाय खाली आणि सायकल सुसाट. मैदानावरचे बांबू सातावरून चारावर आले.

शेवटी नर्सबाईंनी पेटी उघडली. मास्तरांच्या दोन्ही हातांच्या पहिल्या दोन बोटांना जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली, चांगली घट्ट. "थांबायचं मनात आलं की हे बोचेल. जिथे बोचतं तिथे ब्रेक." मास्तर चार पट्ट्या मिरवत गल्लीत आले. ज्याने त्याने विचारलं. "भाजी चिरताना कापलं," मास्तर म्हणायचे. मास्तरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या ओट्याला टेकून हसल्या. या माणसाने लग्नानंतर सुरी हातात धरली होती ती फक्त पार्सलची दोरी कापायला.

दुसऱ्या आठवड्यात नर्सबाईंनी त्यांना रस्त्यावर काढलं. मास्तर सवयीने कडेला सरकले तशा त्या मागून कडाडल्या, "आत या! खाली बघा जरा!" खाली गटाराची जाळी होती. तिच्या फटी रस्त्याच्याच दिशेने उभ्या, सायकलचं चाक नेमकं अडकेल एवढ्या. थोडं पुढे उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं, आणि मास्तर हातभर अंतरावरून निसटले. "म्हणून आतून चालवायची," बाई म्हणाल्या. "मामाने दिलाय म्हणून नाही." चालत्या रस्त्यावर आपण मागे न बघता किती हजार वेळा दार उघडलं असेल, याचा हिशोब मास्तरांच्या मनात चालला होता आणि तो जुळत नव्हता.

परीक्षेची सकाळ आली. डोक्यावर हेल्मेट, बोटांना नव्या पट्ट्या, मागे स्कूटरवर साहेब. मास्तरीणबाई गॅलरीत उभ्या राहिल्या नाहीत. आत जाऊन डाळ निवडत बसल्या, ती डाळ आदल्या दिवशीच निवडून झालेली होती.

निम्मी फेरी बरी गेली. एक बस जवळून गेली तिच्या वाऱ्याने मास्तर हलले, पण पडले नाहीत. साहेबांची स्कूटर मालाच्या एका हातगाड्यामागे अडकून मागे राहिली. आणि चौकाआधीचा उतार लागला तेव्हा मास्तरांना पाठीमागून एक इंजिन ऐकू आलं. ते त्यांनी झोपेतही ओळखलं असतं. त्यांचीच गाडी!

मास्तरांच्या गैरहजेरीत आज शेजारच्या सीटवर मेहुणा होता. हा माणूस सिग्नलला उभ्या उभ्या डुलकी काढण्यात प्रसिद्ध. आणि चालवत कोण होतं? टेलर. कपडे शिवताना मशीनची पायपट्टी दाबत आयुष्य गेलेलं, त्यामुळे पाय एकदा खाली गेला की शिवण संपेपर्यंत वर यायचा नाही. गेल्या महिन्यात एकट्या टेलरपायी दुसरा ब्रेक ढिला झाला होता. मास्तरांच्या पाचावर धारण बसली. ओरडून सांगावं तर मान वळवता येईना. आणि टेलर तरी ओळखणार कसा? शिकणाऱ्यांनी मास्तरांची पाठ कधी पाहिलेलीच नव्हती. सगळ्यांना ते फक्त एका बाजूने माहीत.

टेलरला पुढे सायकल दिसली. त्याला शिकवलेलं होतं ते त्याने बिनचूक केलं.

पॉऽऽ! पॉऽऽऽ!

मास्तर दचकले आणि उजवा पाय खाली गेला. उतार, त्यात पेडल. सायकल सुटली. समोर सिग्नल लाल, चौकातून एक बस आडवी निघालेली, तिच्या खिडकीतल्या माणसांची तोंडं मोठी मोठी होत चाललेली. मास्तरांनी पुन्हा पाय दाबला. आणखी वेग. अंगातलं सगळं बळ त्या एका पायात उतरलं, आणि तेवढ्यात कुठेतरी काहीतरी बोचलं.

बोटं!

चारही बोटं मिटली. चाकं किंचाळली, सायकलीचं बूड जरा हवेत उठलं, परत बसलं. पुढचं चाक बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर. बस समोरून निघून गेली.

पण मास्तरांचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. कान सगळे मागे. आता एक तर दुसऱ्या ब्रेकची करकर ऐकू येईल, नाहीतर तीही ऐकू येणार नाही आणि गाडी सरळ पाठीत. त्यांनी डोळे मिटून घेतले.

टायर रस्त्याला घासल्याचा आवाज आला. दबका, सरळ. मग इंजिनाची घरघर, जागच्या जागी. करकर नाही. करकर अजिबात नाही! म्हणजे ब्रेक शेजारच्या सीटवरून लागलेला नव्हता. टेलरने पाय वर घेतला होता, आणि योग्य जागी परत खाली ठेवला होता, आपणहून, वेळेवर, पाठीमागे दोन हात जागा सोडून. मास्तरांना एकदम हसू आलं.

मागे काच खाली गेली. "ओ काका! कडेने चालवा की! रस्ता काय मामाने..."

मास्तर वळले.

टेलरचं वाक्य तिथेच उसवलं. "स...सर?"

त्या आवाजाने मेहुणा जागा झाला. "भावोजी! तुम्ही बाहेर कसे?"

"तू आत झोपलास म्हणून," मास्तर म्हणाले. मग टेलरकडे वळले. "ब्रेक कुणी मारला?"

टेलरचा चेहरा पडला. "मी, सर. चुकलं का?"

"शंभर टक्के बरोबर. हॉर्न तेवढा चुकला, पण तो मी शिकवलेला." त्यांनी कडेला बोट दाखवलं. "आणि कडेला जाळी आहे. उतरून बघ कधीतरी."

एवढ्यात उतारावरची धाव लांबून बघितलेले साहेब स्कूटर घेऊन पोचले. सिग्नल हिरवा झाला. "वाजवायचं नाही," मास्तर टेलरला म्हणाले, "माझ्या मागे यायचं. हळू, हळू." आणि उरलेली फेरी अशी निघाली: पुढे मास्तर, त्यांच्यामागे दोन हात सोडून त्यांचीच गाडी, मग साहेब, आणि साहेबांमागे गावातली निम्मी वाहनं. त्या रांगेत नर्सबाईही होत्या. त्यांनी एक घंटी वाजवली, या वेळी अगदी छोटी.

साहेबांनी कागदावर लिहिलं, "उतारावर वेग जास्त. बाकी ठीक," आणि शिक्का मारला.

मास्तर घरी आले ते दारातच बसले. मास्तरीणबाईंनी त्यांना वरून खाली, खालून वर असं दोनदा तपासलं. कुठे फाटलेलं नाही, कुठे रक्त नाही. मग त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मास्तरांनी खिशातून शिक्क्याचा कागद काढून दिला.

"थांबता आलं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी चार बोटं वर केली.

"बरं झालं," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसत आत वळल्या. आतून आवाज आला, "काढा आता त्या पट्ट्या. जखम बरी झालीय तर या इकडे, भाजी चिरायचीय."

टेबलाखाली नव्हे, चक्क दारात, मास्तरांचा उजवा पाय दाबला गेला. काही उपयोग झाला नाही.