वरच्या वाट्याची मोजणी

चुन्याची फक्की टाकून झाली आणि धाकटा मंगेश म्हणाला, "साहेब, मले वरचा वाटा पाह्यजे."

मला वाटलं, पोराला दिशा कळली नाही. मी हातातला कागद फिरवून दाखवला. "बाबा रे, वर बरड आहे. विहीर आणि संत्र्याचा बगीचा खालच्या वाट्यात."

"मालूम हाय," तो म्हणाला.

मी भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. इंझोरीच्या शिवारात गुलाबरावांच्या शेताची, त्यांच्या दोन मुलांसाठी, पोटहिस्सा मोजणी होती. एका गटाचे दोन तुकडे पाडायचे, नकाशा काढायचा, हद्दीला दगड रोवायचे. हल्ली साखळी गेली, रोव्हर आला. म्हणजे एक काठी, ती उपग्रहाकडून जागा विचारून घेते. माणसांचं मात्र तेच. हातभर धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली मी पाहिली आहेत.

आपल्याकडे रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. थोरला सुनील मंगरुळपीरला मास्तर. पगार चालू, त्यामुळे त्याने मुद्दाम सगळी मलई खालच्या वाट्यात ठेवली होती. धाकट्याचं बसल्या जागी भागावं म्हणून. वरचा वाटा म्हणजे नुसता मुरूम, पाणी टाकलं की पाच मिनिटांत कोरडा.

मला शंका आली. मंगेशला बाजूला घेतलं. "कोणाचा दबाव आहे का?"

"नाई जी. दादाच तर मले कवापासून खालचा घे म्हून समजावून राह्यला."

तेवढ्यात गुलाबराव तरातरा आले. सातबारा त्यांच्या नावावर. ते नाही म्हणाले असते तर मी रोव्हर गुंडाळून ऑफिसला गेलो असतो.

"तुले याड लागलं काय? हा बगीचा मी कोणासाठी उभा केला?"

"बगीचा तुमचा, गडी तुमचे, व्यापारी तुमच्या वळखीचा. मी कायचा मालक, बाबा? सकाळी काहून उठावं, तेच समजत नाई."

"काय कमी केलं तुले आमी?"

"काईच कमी नाई केलं. मोबाईलचं दुकान बसलं, तुमी भरून देल्लं. दुधाचं बसलं, तेबी भरून देल्लं. मले नीट हारूबी नाई देल्लं तुमी."

हे तो भांडून बोलला नाही. खाली मान घालून, लाज वाटावी तसं बोलला. सत्तावीस वर्षांचा धडधाकट पोरगा.

गुलाबराव धुऱ्यावर बसले. मुरमाचा एक खडा बराच वेळ बोटांत फिरवत राहिले. खरं तर बगीच्याची जागाही एकेकाळी अशीच बरड होती, ती त्यांनी स्वतः फोडली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलूनही दाखवलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "अन् पाणी?"

"मी मांगीन तवा द्या. मांगितल्याबिगर नाई."

"बरं," असं म्हणून त्यांनी हद्दीचा दगड स्वतः उचलून आणला.

मोजणीदाराला प्रत्येक दस्तात लबाडी शोधायची सवय असते. त्या दिवशी घरी जेवतानाही मी शोधत होतो. सापडली नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या गटाची मोजणी निघाली. भर एप्रिल. मंगेशने वर सीताफळ लावलं होतं. निम्मी रोपं जळालेली. नाल्यातून ड्रम भरून पाणी आणत होता. रापला होता, वाळला होता. मला हाताला धरून त्याने एकेक रोप दाखवलं. हे का मेलं, हे का जगलं, रोही, म्हणजे नीलगायी, कुठून शिरतात, पुढच्या वर्षी खड्डा किती खोल घ्यायचा. तासभर बोलत होता. नुकसान सांगताना इतका खुश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

खाली गुलाबराव संत्र्याच्या सावलीत बसले होते. तोंड वरच्या शेताकडे.

"मागितलं का पाणी?" मी विचारलं.

"नाई."

"मग तुम्हीच द्यायचं."

"कबूल केलं हाय ना, साहेब." त्यांनी बोट दाखवलं. "मोटरचं बटन हे इथं, हाताजवळ. रोज दाबावं वाटते. इहीर खंदतानी एवढा जीव नोता गेला."

मुलांना देणारे बाप मी शेकड्यांनी पाहिले. विहीर भरलेली, पोराची रोपं डोळ्यांदेखत जळतायत, आणि हात आवरून बसलेला बाप तेवढा एकच. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. सरकारी काम असल्यामुळे पडलो नाही.

एवढं सगळं पाहून जो धडा घ्यायचा तो मी घेतला. वाटेत घोकलासुद्धा. संध्याकाळी वाशिमला घरी पोचलो. आमचे चिरंजीव तिशीला आलेत, काय करावं याचा अजून विचार चालू आहे. त्यांनी पेट्रोलला पाचशे रुपये मागितले.

मी दिले.