खळ घातलेली नोट

पिवळट पडलेला, चिमटीत धरला की कापडासारखा मऊ लागणारा कागद, त्यावर कुठल्याशा अमेरिकन गावातल्या बँकेचं ठसठशीत नाव, आणि खाली तिथल्या कॅशियरने दौतीत टाक बुडवून केलेली सही... माझ्या बालपणीचे रविवार असे उजाडायचे. हाउन्सलोच्या आमच्या घरावरून विमानं घरघरत जायची, तावदानं थरथरायची, आणि आठवडाभर विमानतळावरच्या मालाची देखरेख करणारे माझे बाबा भिंग लावून शंभर वर्षांपूर्वीच्या नोटा न्याहाळत बसायचे. एके काळी तिकडे गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. म्हणून नोटेवरचा आकडा गौण, त्या गावच्या किती उरल्या त्यावर तिचं मोल — हे मला पाढ्यांआधी पाठ होतं. "आधी वास घे," बाबा म्हणायचे, आणि तंबाखू, घाम, लाकडी खण असं सगळं मी नाकात भरून घ्यायची. शेजारीच आई साबुदाण्याची खळ घातलेल्या सुती साड्यांवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायची. "अहो, नोटा उचला तिकडे, थेंब उडेल!" हे ठरलेलं.

मी नऊ वर्षांची असताना बर्मिंगहॅमच्या एका प्रदर्शनात बाबांना 'ती' दिसली — नेब्रास्कातल्या चिमुकल्या गावची, जिच्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं धाडली होती. कोरी करकरीत! बाबांचे कान लाल झाले, हात चेकबुकाकडे गेलासुद्धा. विक्रेत्याने ती प्लॅस्टिकमधून बाहेर काढली. मी सवयीने नाक पुढे केलं... तंबाखू नाही, घाम नाही. गरम इस्त्रीखालची खळ!

"बाबा, हिला आईच्या साडीचा स्मेल येतोय. कुणीतरी वॉश केलीय."

विक्रेता हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी नोट उजेडात तिरकी धरली, आणि इस्त्रीने दडपलेल्या जुन्या घड्या एकेक करून दिसू लागल्या. वापरलेली नोट धुऊन, खळ घालून कोरी म्हणून खपवायला ठेवली होती. "माझी मुलगी बरोबर सांगतेय," असं इंग्रजीत शांतपणे म्हणून त्यांनी ती परत केली. शप्पथ सांगते, मी तिथल्या तिथे वीतभर उंच झाले! परतीच्या ट्रेनमध्ये मात्र ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

तशी नोट त्यांना पुन्हा मिळाली नाही. अल्बममधला त्या गावाचा कप्पा रिकामाच राहिला — आणि पाहुणे आले की बाबा आधी तोच उघडायचे. "इथे येणारी नोट धुतलेली आहे, हे आमच्या लेकीने ओळखलं!" मी लाजून आत पळायची, आणि दाराआड उभी राहून सगळं ऐकायची.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. परवा त्याच गावची एक नोट विक्रीला आली. अस्सल, न धुतलेली, मला परवडणारी. फार मोह झाला... पण त्या कप्प्यात बाबांनी मला ठेवलंय. तिथे दुसरं काही ठेवायला मन धजलं नाही.