पोस्टरवरून घेतलेलं माप

नवं पोस्टर लागलं की तो टेप गळ्यात अडकवून थिएटरसमोर उभा राहायचा, एक डोळा मिटायचा आणि विचारायचा, "खांदा जरा उतरता हाय, व्हय ना भाऊ?"

मी बुकिंगच्या खिडकीत बसणारा. मला कसला खांदा कळतोय! "हो," म्हणायचो.

क्रांती चौकाजवळ त्याचं शिलाईचं दुकान होतं आणि एका हिरोवर जीव. पिक्चर लागायच्या आधी पोस्टर बघून तो हुबेहूब तसाच शर्ट शिवायचा आणि पहिल्या खेळाला घालून यायचा. पोस्टरवर पाठ दिसायची नाही, म्हणून मागचं तो मनानं करायचा. एकदा पडद्यावर हिरो वळला तर पाठ कोरी. याच्या पाठीवर मोर! "चुकलं त्याचं," एवढंच म्हणाला.

ती दुष्काळाची वर्षं. लोकांचे दिवस टँकरची वाट बघण्यात जायचे, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. पण हा आला की शिट्ट्या वाजायच्या आणि मलाही माझी नोकरी आवडायला लागायची. त्याचे हे उपकार मी विसरलेलो नाही. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल तर जपा त्याला.

मग जालना रोडवरच्या नव्या शोरूमच्या उद्घाटनाला तो हिरो येणार असं कळलं. यानं गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून त्याच्यासाठी शर्ट शिवला. "एकदा त्याच्या अंगावर बघायचाय, भाऊ. बस."

संध्याकाळी परत आला तेव्हा शर्ट बगलेतच होता.

"जवळ जाऊ दिलं नाही?"

"गेलो की. हातात हात दिला त्यानं." तो पायरीवर टेकला. "लई बारीक माणूस हाय, भाऊ. माझ्या खांद्याला लागंल एवढा. अन् मी ह्यो केवढा शिवून बसलो!"

मला हसू फुटलं. तो हसला नाही. "घामानं नुसता निथळत व्हता. कुणी पाणी बी इचारंना त्याला."

दुसऱ्या दिवशी तो शर्ट उसवत बसलेला दिसला. डोळ्यांनी घेऊन आलेल्या मापावर त्यानं तो पुन्हा बेतला आणि शिवला.

हिरो काही परत आला नाही. रस्ता रुंद करताना दुकान गेलं आणि हा पैठणला मुलीकडे राहायला गेला. मागच्या उन्हाळ्यात तो वारल्याचं तिनं फोनवर सांगितलं. शर्ट जपून ठेवलाय, म्हणाली.

परवा टीव्हीवर तो हिरो दिसला. थकलाय आता, कोट खांद्यावरून ओघळत होता. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं म्हणालो, "तुझ्या मापाचा एक शर्ट पैठणला आहे रे बाबा."