कांद्याकडचा कॉक

माझ्या साडूने मला फसवलं. पाण्याच्या नळीवरून फसवलं आणि वर माझे पाहुणे घेतले. सासरवाडीत म्हणतात, या गोष्टीला दोन बाजू आहेत. मला एकच दिसते.

मी टोमॅटोच्या व्यापारातून उभा राहिलेला माणूस. नारायणगावच्या बाजारात माझ्याशी भाव करायचा असला की लोक दुसऱ्याला पुढे करतात. त्या कमाईतून मी एक जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या आणि आत पलंग, ओटा, बेसिन आणि कपाटाएवढं न्हाणीघर बसवलं. भीमाशंकरला जाणाऱ्यांना मुक्कामासकट भाड्याने द्यायची, असा विचार. पुण्याचं पहिलं कुटुंब ठरलं. बरोबर आजी होत्या, म्हणून त्यांनी एकच विचारलं, आंघोळीला पाणी असेल ना? मी शब्द दिला.

मुक्कामाची जागा वाटेवर डिंभ्याला, साडूच्या शेतात आंब्याखाली. जागा आणि पाणी त्याचं. बदल्यात श्रावणात त्याच्या घरच्यांना याच गाडीतून भीमाशंकर दाखवायचं. तो दोनदा म्हणत होता, मी एकदावर आणलं. तेव्हापासून त्याच्या मनात काहीतरी असावं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच मी गाडी नेऊन लावली. साडूने माझी नळी घरावरच्या टाकीला लावली आणि गाडीच्या कुशीतल्या तोटीला जोडली. टाकी गाडीच्या टपाहून हातभर उंच. शॉवरमधून थेंब पडू लागले.

"हे काय पाणी आहे?" मी म्हणालो. "म्हातारीला आंघोळ घालायची आहे. पिंडीवर अभिषेक करायचा नाही."

"मंग काय पायजे?"

"जोर पाहिजे."

साडूने नळी टाकीवरून काढली आणि नदीवरच्या मोटरच्या लाइनीला जोडली. ही लाइन त्याच्या कांद्याला जाते. "कांदा पिऊन उरंल तेवढं तुमाला बास व्हईल, पावणं," तो म्हणाला. मोटर चालू होती, कांद्याकडे पाणी सोडणारा कॉक उघडा होता आणि शॉवर पाहिजे तसा चालला. मी समाधानाने गाडीतले नळ बंद केले. नळी तशीच ठेवली, कारण संध्याकाळी तीच लागणार होती.

मग लाईट गेली. साडू शेतात एक चक्कर मारून आला आणि आम्ही जेवायला बसलो.

त्याच्या मोटरला ऑटो आहे. लाईट आली की ती कोणाला न विचारता सुरू होते. आमची भाकरी अर्धी झाली असताना बाहेर फाट असा आवाज झाला.

"लाईट आली," साडू म्हणाला.

मी बाहेर गेलो तेव्हा गाडीच्या दारातून पाणी पायरी पायरीने उतरत होतं. बेसिनखालचा सांधा निघाला होता. गाद्या भिजल्या होत्या आणि नवीन प्लायवूड फुगायला लागलं होतं. साडू मागून आला. त्याने आत डोकावून पाहिलं.

"जोर बराय," तो म्हणाला.

मी त्याला जे बोललो ते पलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं. तो शांतपणे मोटर बंद करायला गेला. तेव्हा कळलं, मघाच्या चकरेत त्याने कांद्याचा कॉक बंद केला होता. सगळी नदी माझ्या गाडीत आली होती.

"कांदा काढायला आलाय, राव. झालं तेवढं पाणी बास. लई भिजवून सडवू काय?"

"मग मला सांगायचं."

"नळी तुमची. तुमी काढायची व्हती."

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा माझ्या गाद्या त्याच्या कुंपणावर वाळत होत्या. आजींनी गाद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांध्याबद्दल सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात माझी मेव्हणी पुढे झाली. "आत या आजी, बंब पेटवलाय." आजी गेल्या. मागून सगळं कुटुंब गेलं. पिठलं झालं, भाकरी झाली, अंगणात अंथरुणं पडली. अशी आंघोळ किती दिवसांनी झाली, असं आजी म्हणाल्या. मी गाडीत पाणी पुसत होतो, तिथे ऐकू आलं.

ते कुटुंब नंतर पुन्हा आलं. फोन त्यांनी साडूला केला. आता त्याच्या बांधावर पाटी लागली आहे. राहण्याची व जेवणाची घरगुती सोय. खाली लिहिलं आहे, भरपूर पाणी.

माझी गाडी दुरुस्त होऊन दारात उभी आहे. तिच्यात अजून कोणी झोपलेलं नाही. साडू श्रावणातल्या फेरीची आठवण करून देतो.

सासरवाडीच्या यात्रेला आम्ही सगळे एका पंगतीला बसतो. यंदा तिथे, सासऱ्यांसमोर, साडूने उत्तर द्यावं. कॉक बंद करताना त्याला माझी नळी आठवली होती का? नसेल आठवली तर तसं सांगावं. आठवली असेल तर तेही सांगावं. तोवर मी त्या पंगतीत पानावर बसणार नाही, आणि गाडी भीमाशंकरच्या दिशेने तोंड करणार नाही.